काकूंच्या सांध्यांचे प्रवक्ते

मोहोडकाकांना कुणी विचारलं, "कसे आहात?" तर ते सांगायचे, "आज उजवं मनगट सुजून आहे. बोटं सकाळपासून उघडून नाही राहिली." आणि हे सांगता सांगता त्याच उजव्या हाताने पाण्याचा भरलेला जार उचलून खांद्यावर घ्यायचे. नवीन माणूस गोंधळायचा. जुन्यांना ठाऊक होतं, की मनगट काकांचं नाही, काकूंचं. काकांची स्वतःची तब्येत खणखणीत. साधी पाठ भरून आल्याचंही कुणाला आठवत नाही. पण घरातली सगळी दुखणी सांगायचं खातं त्यांच्याकडे होतं, आणि ते खातं त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती जाऊ दिलं नाही.

पंजाबातल्या झिरकपूरच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच. तळमजल्यावर मोहोड आणि त्यांच्या डोक्यावर मी. मी मूळची सांगलीची, नोकरी मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत, लग्न मोडलेलं, आणि स्वभाव असा, की लिफ्ट आली तरी ती मध्येच अडकणार हे धरून चालायचं. बहुतेक वेळा ती अडकतेच. काका अमरावतीकडचे. भूजल खात्यात होते. पंजाब-हरियाणातल्या विहिरी आणि बोअर यांच्या पाण्याची पातळी मोजण्यात उभी हयात गेली. निवृत्तीनंतर गावी जायचं ठरलं होतं. पण मुलगी कॅनडाला गेली, तिला यायला-जायला दिल्लीचं विमानतळ जवळ पडेल म्हणून हे दोघं इथेच राहिले. मुलगी त्या विमानतळावर फारशी उतरली नाही, ती गोष्ट वेगळी.

विहिरी सुटल्या, पातळी सुटली नाही. "आज पातळी वर आहे," काका जिन्यात गाठून सांगायचे. "काल रात्री जरा उतरली होती, पहाटे थंडी पडली अन् पुन्हा चढली." हे सगळं काकूंच्या दुखण्याबद्दल. काकूंना संधिवात होता. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे, तर तरुणपणीच हातापायांच्या बारीक सांध्यांत शिरतो आणि बोटं वाकडी करून टाकतो, तो. डॉक्टर काकूंकडे बघून प्रश्न विचारायचे, काकू तोंड उघडायच्या आणि उत्तर काकांच्या तोंडून यायचं. सविस्तर, मुद्देसूद, सरकारी टिपणीसारखं. एकदा मी वैतागून म्हटलं, काका, काकूंना बोलू द्या की जरा. त्यावर त्यांनी मला त्यांचं तत्त्वज्ञान ऐकवलं.

"विहिरीले विचारावं लागत नाही पोरी. विहीर पाहावं लागते. ते काय सांगते?"

काकू शेजारी बसून हसायच्या. हसताना हात पदराखाली घ्यायच्या. मला त्या हसण्याचा रागच यायचा. बाई, एकदा तरी म्हण की, अहो, गप्प बसा. पण ते त्यांच्या गावी नव्हतं.

तर अशा या काकूंचं नाव डॉक्टर ग्रेवाल नावाच्या एका तरुण संशोधक बाईंनी 'पेशंट पार्टनर' म्हणून घेतलं. हा प्रकार मलाही नवीन होता. यात औषध टोचून घ्यायचं नसतं की रक्त द्यायचं नसतं. संशोधकांच्या बरोबरीने टेबलाशी बसायचं आणि सांगायचं, की बाबांनो, तुम्ही विचारताय ते प्रश्न धड आहेत का, आणि आजारी माणसाला खरोखर काय जाणून घ्यायचंय. महिन्यातून एका शनिवारी बैठक, सोबत चहा-समोसा. काकांना गाडी चालवायला डोळ्यांच्या डॉक्टरांनी मनाई केलेली, म्हणून सारथ्य माझ्याकडे आलं. तसंही माझ्या शनिवारांचं दुसरं काही होत नव्हतं.

पहिल्याच बैठकीत डॉक्टर ग्रेवालनी विचारलं, आंटीजी, तुमच्या दृष्टीने या आजारात सगळ्यात अवघड काय? काकूंनी घसा साफ केला. काकांनी उत्तर दिलं. डॉक्टर नम्रपणे म्हणाल्या, अंकलजी, आपण आंटींना विचारू या. काका म्हणाले, "पूछिए ना, जरूर पूछिए," आणि पुढच्या प्रश्नाचंही उत्तर दिलं. महिन्या-दोन महिन्यांत बाई शरण आल्या. काकू पेशंट पार्टनर आणि काका घरच्यांच्या वतीने पार्टनर, अशा दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. काकूंची खुर्ची मुकी आणि काकांची अखंड बोलणारी.

खरं तर काकांच्या बोलण्याचा उपयोगही व्हायचा. या प्रकल्पाचं ऑफिस शहरात सेक्टर चौतीसमध्ये एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर, जिना चढून जायचं. संधिवाताच्या माणसांना सल्ला द्यायला जिना चढायला लावणारं डोकं कुणाचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. काकांनी पहिल्याच वेळी खालूनच निरोप पाठवला, की बैठक फुटपाथवर होईल. चहाच्या टपरीवरची स्टुलं मागून घेतली, काकूंना आणि बाकीच्या पेशंटना उन्हात बसवलं. डॉक्टर मंडळी फायली घेऊन खाली उतरली, आणि मेडिकलची तयारी करणारी पोरं भोवती कोंडाळं करून बघत उभी राहिली. पुढच्या महिन्यात तळमजल्यावरची खोली मिळाली. संशोधनातून कुणाचं काही भलं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं, ते एवढंच.

मग डॉक्टर ग्रेवालनी मूळ काम पुढे आणलं. त्यांचं म्हणणं असं, की ओपीडीच्या गर्दीत बायका हमखास 'ठीक है' म्हणतात आणि निघून जातात. तेव्हा घरच्या माणसांना लक्ष ठेवता येईल अशा काही खुणा ठरवता आल्या, तर दुखण्याचा खरा अंदाज येईल. हे ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर बोअर मोजणाऱ्या माणसाला अखेर त्याच्या तोडीचं काम मिळालं होतं.

त्यांनी खुणा दिल्या. टिकली कागदावरून सोलून कपाळाला लावता आली, तर बोटं शाबूत. बिनटिकलीची बाहेर आली, तर त्या दिवशी बोटं गेली. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे चहाचा कप. एका हाताने उचलला तर पातळी खाली. दोन्ही हातांनी धरला तर वर. टेबलावरच ठेवला तर विचारूच नका. डॉक्टर ग्रेवालना कप फार आवडला. मसुद्यात तो सगळ्यात वर आला. हा मसुदा पुढे लुधियान्याला आणि आणखी कुठे कुठे तपासायला जाणार होता. काकांनी सोसायटीच्या वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत सर्वांना सांगून टाकलं, की आमचा कप लुधियान्याला चाललाय. भाजीवाल्याला वाटलं, काकांनी क्रोकरीचं दुकान काढलं.

त्याच सुमारास एकदा दुपारी मी काकूंचा डबा परत द्यायला खाली गेले. काका भाजीच्या गाडीवर होते. दार उघडंच होतं. काकू टेबलाशी बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, कप टेबलावर, आणि मान खाली घालून कपाच्या काठाला तोंड लावून चहा ओढत होत्या. मला पाहून त्या ओशाळल्या.

"मांजरीवानी दिसून राहिली असंन ना मी," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेर काकांचा आवाज आला, कोथिंबीर फुकट मागण्याचा. काकूंनी लगेच कप एका हाताने उचलला. तो उचलताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. काका आत येईपर्यंत तो चेहरा नीट बसवूनही झाला होता. "ह्यायले नको सांगू," तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या. "जेवत नाहीत मंग." काका आले, त्यांनी कपाकडे नजर टाकली आणि समाधानाने मला सांगितलं, की आज पातळी खाली आहे. मी हो म्हटलं. सांगावंसं वाटलं नाही, आणि न सांगून बरं वाटलं असंही नाही.

पुढे पुढे काकू बैठकांना येईनाशा झाल्या. काका एकटेच माझ्या शेजारी बसून यायचे आणि दोघांच्या वतीने बोलायचे. तसा फारसा फरक पडला नव्हता.

मग डिसेंबर आला. इथला डिसेंबर म्हणजे धुकं. समोरची बिल्डिंग सुद्धा दिसत नाही. काकूंच्या छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. मुलगी नातवाला घेऊन आली, दिवस होईपर्यंत राहिली आणि परत गेली. नातू काकांशी हिंदीत बोलायचा. काका त्याला मराठीत उत्तरं द्यायचे. एवढं संशोधन, एवढ्या बैठका, आणि बाई कफाने गेली. कशाचा कशाला मेळ नव्हता.

बैठकीचा शनिवार आला, तेव्हा मी धरून चालले होते की हे सगळं आता संपलं. खाली उतरले तर काका इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात मफलर गुंडाळून गाडीपाशी उभे. मला वाटलं, जाऊन सांगायचं असेल. सेक्टर चौतीसला पोचलो. डॉक्टर ग्रेवालनी नेहमीसारखं विचारलं, "आंटीजी कैसी हैं?"

"आज लेवल थोड़ा कम है जी," काका म्हणाले.

मी मागच्या खुर्चीत बसून माझ्या बुटांकडे पाहत राहिले. परत येताना म्हटलं, काका, हे बरोबर नाही, त्यांना सांगायला हवं. काका म्हणाले, सांगतो ना, पुढच्या खेपेला सांगतो. मग बरंच पुढे गेल्यावर, मी काही न विचारता म्हणाले, "तिथंच तर तिची विचारपूस होते पोरी. सोसायटीत आता कोणी विचारते का, तिचं कसं आहे म्हणून?"

मी गिअर बदलला.

पुढची खेप आली, त्याच्या पुढचीही आली. काका दर महिन्याला काकूंचा अहवाल देत राहिले. त्यातही गंमत अशी, की काकू सुधारत चालल्या. फेब्रुवारीत त्यांची सूज उतरली. मार्चमध्ये त्या स्वतः टिकली लावायला लागल्या. डॉक्टर ग्रेवालना इतका आनंद झाला, की त्यांनी विचारलं, कुठलं नवीन औषध सुरू केलंय? काका म्हणाले, औषध काही नाही, उन्हात बसते. संशोधनात खोटी माहिती जातेय हे मला कळत होतं, कळून मी गाडी काढत होते. जिवंतपणी जिला कुणी बरं करू शकलं नाही, ती मेल्यावर बरी होत होती, आणि त्यात मोडता घालायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

एप्रिलच्या बैठकीला पंचकुल्याहून एक नवीन जोडपं आलं. कमलेश आंटी पेशंट, आणि त्यांचे यजमान वर्माजी निवृत्त हेडमास्तर. डॉक्टर ग्रेवालनी आंटींना पहिला प्रश्न विचारला. आंटींनी तोंड उघडलं. वर्माजींनी उत्तर दिलं. दुसरा प्रश्न, पुन्हा तेच. काका खुर्चीत चुळबुळ करायला लागले. तिसऱ्या वेळी त्यांना राहवलं नाही.

"भाईसाहब," ते म्हणाले, "आंटी को बोलने दो ना."

सगळी खोली हसली. डॉक्टर ग्रेवाल तर डोळे पुसायला लागल्या. हे वाक्य मोहोडकाकांच्या तोंडून ऐकायला मिळेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल. काकांना मात्र कुणी का हसतंय ते समजलं नाही. वर्माजी हिरमुसून मागे रेलले. डॉक्टरांनी खुणांचा मसुदा वाचायला घेतला. पहिलीच खूण, चहाचा कप. एका हाताने उचलला तर दुखणं कमी.

"ये वाला मत रखो जी," कमलेश आंटी म्हणाल्या.

डॉक्टरांनी विचारलं, का?

आंटी यजमानांकडे न बघता बोलल्या. "ये सामने होते हैं तो मैं एक ही हाथ से उठाती हूँ. चाहे जान निकल जाए. नहीं तो ये सारी रात पंखे को देखते रहते हैं."

वर्माजी बायकोकडे असे पाहत होते, जणू ती आत्ताच कुठून तरी येऊन शेजारी बसली असावी. मी काकांकडे पाहायचं टाळत होते, तरी पाहिलं. ते पुढे वाकले होते.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज, भाईसाहब," आंटी म्हणाल्या. "सब करती हैं. घर में बताना थोड़ी होता है."

काका उठून उभे राहिले. त्यांना बोलायला वेळ लागला, आणि काकांना बोलायला वेळ लागतो हे मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. ते म्हणाले, डॉक्टर साहब, माझा कप काढून टाका. टिकली पण काढा. मी जे जे सांगितलं ते सगळंच काढा, ते चुकीचं होतं. डॉक्टर समजूत घालायला लागल्या, अंकलजी, असं कसं, उलट आज फार महत्त्वाची गोष्ट कळली, घरच्यांना दिसतं ते दाखवलेलं असतं हेच तर आम्हाला माहीत नव्हतं, हे आपण मसुद्यात घालू. त्या खऱ्या मनाने बोलत होत्या. काकांनी मान हलवली.

"वो दिसंबर में चली गई," ते म्हणाले. "मैंने आपको बताया नहीं. उसके बाद का तो सब झूठ है. उसके पहले का मैं सच समझता था."

डॉक्टर ग्रेवाल खुर्ची मागे सारून त्यांच्याजवळ आल्या, हात धरला, बसवलं, पाणी दिलं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान काकांना काही तरी उत्तर द्यावं लागलं असतं. बाईंनी त्यांना सांगितलं, की तुम्ही येत राहा, तुमची खुर्ची इथेच आहे. काकांनी हात जोडले. ते पुन्हा येणार नाहीत हे बाईंना कळलं असावं, कारण त्या गाडीपर्यंत सोडायला आल्या आणि काच वर होईपर्यंत उभ्या राहिल्या.

परत येताना झिरकपूरच्या अलीकडे नेहमीप्रमाणे ट्रॅफिक तुंबलेलं. पुढे ट्रक, बाजूला ट्रक, उन्हात तापलेला पत्रा. माझ्या मनात एकच विचार चालला होता, की या माणसाने आता घरी जाऊन काय करायचं? त्याने इतकी वर्षं दुसरं काहीच केलं नव्हतं. बायकोकडे बघत राहिला होता, डोळ्यांत तेल घालून, आणि तिनं तेवढ्याच निगुतीने त्याला काही दिसू दिलं नव्हतं. दोघांनीही एकमेकांसाठीच केलं, आणि त्यातून दुखणं तेवढं तिच्या एकटीच्या वाट्याला आलं. याला काही उपाय असेल तर मला माहीत नाही.

माझ्याकडे न वळता काकांनी विचारलं, "तुले सांगे का ती?"

मी गाडी बंद केली. ट्रॅफिक हलणार नव्हतंच. त्या एका दुपारखेरीज काकूंनी मला काहीही सांगितलं नव्हतं. माझं ऑफिस कसं आहे, आई कशी आहे, जेवलीस का, एवढंच त्या विचारायच्या.

"हो," मी म्हटलं. "मला सगळं सांगायच्या."

"खरं?"

"खरं. किती दुखतं, कुठे दुखतं, सगळं. तुम्ही भाजीला गेलात की यायच्या वर, नाही तर मी खाली जायचे."

काकू एक जिनाही चढू शकत नव्हत्या आणि त्या अडकणाऱ्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवायच्या नाहीत, हे काकांना माहीत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

"रोज सांगे?"

"रोज."

त्यांनी मफलर नसलेल्या गळ्याशी उगाच हात नेला आणि परत मांडीवर ठेवला. पुढचा ट्रक हलला, मागून हॉर्न वाजायला लागले.

"मंग ठीक आहे," काका म्हणाले. "मले वाटलं, एकटीनंच काढलं सारं."